यांच्या स्वेटरची बाही

१९ नोव्हें. ७३
सुधाले भोपाळले नोकरी लागली. ५ तारखेची गाडी. पेटी भरता भरता म्हणे, "आई, बाबांचा स्वेटर मी नेते." उजवी बाही कसरीनं खाल्ली आहे. म्हटलं, नवी विणून देईन. पण रंग तोच पाहिजे, यांनी कांद्याच्या टरफलांतून काढलेला. हे गेले त्याले सात वर्षं झाली, तरी तो रंग मले डोळे मिटून सांगता येते. फिका पिवळा, हरभऱ्याच्या डाळीसारखा.

२१ नोव्हें.
महालच्या बाजारात कांदेवालीकडून थैलीभर टरफलं आणली. म्हणे, "बाई, कचरा काहून नेऊन राहिल्या?" हेही असेच वेचत. मी दूर उभी राहून भाजी पाहायचं नाटक करत होती. नवऱ्याले कचरा वेचताना कोणी पाहू नये म्हणून. काय मूर्ख होती मी.

२३ नोव्हें.
पांढरी लडी तुरटीच्या पाण्यातून काढून रंगात सोडली. "उकळी फुटू देऊ नको वं, लोकर आटते," हे स्टोजवळ बसून सांगत. घरभर तोच वास. रडली थोडी.
लडी निघाली भडक नारंगी. कुठं तरी चुकलं. शेजारच्या कुसुमले देऊन टाकली.

२६ नोव्हें.
टरफलं निम्मी घेतली. जमलं. बाहीशेजारी धरून पाहिलं, अगदी तोच. सु. म्हणे, "तुले बरोबर आठवते, आई." दिवसभर खुशीत.

२९ नोव्हें.
नवी बाही विणून झाली. जुनी खांद्यापाशी उसवली. शिवणीच्या घडीत, जिथं ऊन लागलंच नाही, तिथं लोकर नारंगी. भडक नारंगी.
म्हणजे हे असा रंग घालून माझ्यासोबत धरमपेठेत हिंडले, अन् मले आठवतच नाही. सात वर्षं मी खुंटीवरचा स्वेटर पाहून राहिली होती, यांले नाही. फार वाईट वाटलं.

३० नोव्हें.
सु.ले घडी दाखवली. बोट फिरवत बसली. विचारलं, बाबांच्या अंगावर कसा दिसे, आठवते का तुले?
"दिसायचं नाही आठवत. गालाले टोचे."
कोणती लावू? फिकी लावली तर मेळ बसते. भडक विणून लावली तर लोक हसतील तिले तिथं.
"तूच ठरव. तुह्या नवऱ्याचा आहे," म्हणे.

१ डिसें.
उरलेली थैली पुरी ओतली भांड्यात, भडक रंगाच्या वेळेइतकी. पाणी घातलं. स्टो अजून पेटवला नाही.