लाल रिबनची पिन

६ सप्टेंबर २०१६, मंगळवार

फिल्म सापडली!

एवढं लिहून पेन खाली ठेवलं होतं. आता परत बसलेय. सकाळी मारिसोलचा फोन आला. जुन्या ड्रॅग रेसिंगवर, सरळ पट्ट्यावरच्या त्या गाड्यांच्या शर्यतींवर, पुस्तक आणि चित्रपट दोन्ही करायला घेतलंय त्या पोरीने. तिचे आजोबा दर रविवारी कॅमेरा घेऊन स्टार्टपाशी उभे असायचे. त्यांच्या गॅरेजमध्ये एक डबा निघाला. डब्यावर पेन्सिलीने तारीख — ८ मार्च १९६४.

"तुमचा भाऊ दिसतो त्यात, मिस वर्ना! अगदी स्वच्छ!" केवढी खूश होती.

मी म्हटलं, छान. आणि फोन ठेवून दिला.

७ सप्टेंबर

लॉइडला सांगितलं. नवरा माझा पावावर ग्रेव्ही घेत होता, चमचा तसाच राहिला हातात.

"गाडलेली मढी कशाला उकरतेय ती?" मग जरा हळू — "माझ्यासाठी नाही म्हणत गं. तुझ्यासाठी."

माहीत आहे. बावन्न वर्षं तो माझ्यासाठीच म्हणतोय.

९ सप्टेंबर

आज पुस्तकांचं कपाट पुसलं. सगळी लॉइडची, सगळी गाड्यांची. माझा भाऊ डेल्मर कुठे दोन ओळींत, कुठे एका. "पॅराशूट उघडलं नाही." बस्स! नवीन पुस्तक आलं की लॉइड इंजिनांचे फोटो बघत बसतो आणि मी शेवटची नावांची सूची उघडते. तिथे मी नसले की जेवण जातं. चित्रपटांचंही तेच. जुन्या अपघातांचा भाग आला की मी पॉपकॉर्न आणायला उठते. बेकर्सफील्डात माझ्याएवढं पॉपकॉर्न कुणी आणलं नसेल.

पण ही फिल्म त्याच दिवसाची आहे. हिच्यातून उठून कुठे जाऊ?

१४ सप्टेंबर

आजवर कुठेच लिहिलं नाही. इथे एकदा लिहिते.

डेल्मर तेवीसचा, मी एकोणीसची. लॉइड त्याचा जिवलग दोस्त. आमच्या शर्यतीच्या गाडीला, ड्रॅगस्टरला, स्टार्टर नव्हता, तेव्हा कुणाच्याच नसायचा. लॉइड मागून पिकअपने ढकलायचा, मी त्याच्या शेजारी. पट्ट्याच्या शेवटी गाडी थांबवायला मागे पॅराशूट असायचं, त्याची कामं वाटलेली होती. घडी घालून पिशवीत भरणं आणि डेल्मर जे हँडल ओढून ते उघडायचा त्याची तार कडीत अडकवणं — लॉइड. ढकलताना पिशवी उघडू नये म्हणून तिला पिन असायची, लाल रिबनवाली. इंजिन पेटलं की खाली उडी मारून ती पिन काढायची आणि रिबन पिकअपच्या आरशाला अडकवायची — मी. रिबन आरशावर दिसली की पॅराशूट मोकळं. एवढंच काम. एवढंच!

त्या दिवशी डेल्मरने मागे वळून माझ्या नव्या बुटांची चेष्टा केली. "बदकं घातलीस का गं पायात?" मी हसत होते. हसता हसता पिन काढली की नाही? हाताला आठवतं, काढली. डोळ्यांपुढे काहीच येत नाही.

पट्टा संपला तरी गाडी थांबली नाही. पलीकडे कापसाचं शेत, मग कालवा.

लॉइड पिकअप घेऊन सगळ्यांच्या आधी पोचला. मी स्टार्टवरच उभी. तो परत आला आणि माझ्या मुठीत काहीतरी कोंबलं. पिन. "पिशवीतच होती, वर्ना. कुणी बघायच्या आत काढली मी. मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही."

नाही सांगितलं. आईलाही नाही. पुढच्या वर्षी त्याने लग्नाचं विचारलं. अशा माणसाला नाही कसं म्हणणार?

पिन माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. रिबन आता गुलाबी झालीय.

२० सप्टेंबर

मारिसोलचा परत फोन. जरा गोंधळली होती. "लॉइडकाकांनी मला फोन केला होता. म्हणाले, तो दिवस कापून टाक. तुम्हाला पण तसंच वाटतं का?"

बिचारा! पंच्याहत्तरीतही माझी ढाल होऊन उभा आहे. मी म्हटलं, विचार करून सांगते. दिवसभर शिवणाच्या डब्याकडे बघवलं नाही.

२५ सप्टेंबर, रविवार

डोनटच्या दुकानात पर्व्हिस भेटला. डेल्मरबरोबर शर्यत लावायचा तो, आता काठी टेकत चालतो. पुढच्या रविवारी जुन्या मंडळींचा मेळावा, तिथे फिल्म दाखवणार.

"वर्ना, हिरॉइन होणार तू आता! केस रंगव! भिंतभर पडदा लावतायत, एकेक बोल्ट मोजता येईल म्हणे!"

सगळे हसले. मीही हसले. कॉफी सांडली.

एकेक बोल्ट. मग पिशवीवरची रिबन दिसणार नाही होय? तीनशे माणसं बघतील. पर्व्हिस बघेल. सगळ्यांना कळेल, डेल्मरला त्याच्या बहिणीने मारलं.

भीती वाटते. वय एकाहत्तर आणि पोरीसारखी न्हाणीघरात कडी लावून रडले.

२८ सप्टेंबर

जेवण नाही, झोप नाही. लॉइड म्हणतो, मेळाव्याला जायलाच नको. मग स्वतःच ट्रेलर धुवायला घेतो. आमची पंचावन्न सालची शेव्हरले गाडी न्यायची आहे ना! ट्रेलरची कडी ओढून बघतो, आत येतो, परत जाऊन ओढतो. तीनदा. दाराचं तेच, सीटच्या पट्ट्यांचं तेच, लग्न झाल्यापासून. मी चिडवायची, कडी काय पळून जाणार आहे? तो कधीच हसायचा नाही.

३० सप्टेंबर

ठरवलं. उद्या सकाळी मारिसोलकडे जाते. आधी मीच सांगेन, मग तिने काय ते दाखवावं. दुसऱ्यांकडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. लॉइडला सांगितलं नाही. बावन्न वर्षांत पहिल्यांदाच त्याच्यापासून काही लपवतेय, वाईट वाटतं.

पिन पर्समध्ये ठेवली. 

१ ऑक्टोबर, शनिवार

रिबन आरशावर होती.

फिल्ममध्ये डेल्मर सुटतो तेव्हा कोपऱ्यात आमचा पिकअप उभा आहे. आरशावर लाल रिबन फडफडतेय. मारिसोलला चार वेळा लावायला लावलं. डेल्मरच्या पिशवीवर काही नाही. मी पिन काढली होती.

म्हणजे लॉइडने ती आरशावरून घेतली. तार कडीत अडकवायचं काम त्याचं होतं.

लॉइड बाहेर ट्रेलरपाशी आहे. कडी ओढून बघतोय. तिसऱ्यांदा.