नऊ नंबरची तार

३ जून, सोमवार
एकेचाळीस मिनिटं! दवाखान्याच्या रक्ततपासण्यांचा रोजचा अहवाल, जुन्या संगणकाला जोडलेले आठ खोल्यांतले आठ पडदे नि कळफलक चालू असताना. मागच्या वर्षीच्या वहीत याच कामाला सतरा लिहिलंय. अक्षर माझंच. साहेब म्हणाले, नवा संगणक शेजारी ठेवतो, शनिवारी दोघांना एकच काम द्या नि घड्याळ लावा. आपला जुना हरला तर तो भंगारात, आणि मी औषधांच्या गोदामात खोकी लावायला. एकोणीस वर्षं याच्या पंख्याची घरघर ऐकतोय.

४ जून
पंखे, जाळ्या साफ केल्या. शिंकून शिंकून बेजार. चाळीस.

५ जून
जुन्या फायली टेपवर काढून डिस्क मोकळी केली. मोठी कामं दुपारच्या सुट्टीवर ढकलली. मोठ्या सिस्टर म्हणतात, अक्षर दाबावं, चहा पिऊन यावं, मग ते पडद्यावर उमटतं. एकोणचाळीस! घरी बायकोने या यंत्राबद्दल नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणते माझी सवत?" हसता आलं नाही. उगाच तिच्यावर खेकसलो.

६ जून
प्रोसेसर कोण खातंय ते बघायला चालू कामांची यादी काढली. सगळी ओळखीची. नऊ नंबरची जोडणीही आहे — नाव विचारत थांबलेली, खाल्लेला वेळ शून्य. ती अप्पांची जागा. हे यंत्र मला त्यांनीच शिकवलं. मार्चमध्ये ते वारले, तेव्हा त्यांचा पडदा मीच सोडवून खाली नोंदणीत दिला. तार मात्र काढवेना. यंत्रातलं टोक तसंच ठेवून बाकीची नीट गुंडाळून खिळ्याला अडकवली. यादीतली ओळही तशीच ठेवली. राहू दे बापडी.
बेरजांचा सगळा भाग नव्याने लिहिला. अडतीस. आता हात टेकले. आणखी काय करू? काय राहिलंय?

८ जून, शनिवार
नवा — बावीस. माझा — अडतीस. साहेबांनी तिथेच सही केली. म्हणाले, "जिवाचं रान केलंत हो तुम्ही. पण म्हातारं झालंय ते."
मी मान हलवली. मलाही ते पटलं, याचीच लाज वाटते.

९ जून
बायकोने आज सवतीचं नाव काढलं नाही.

१० जून, सोमवार
सकाळी आवराआवर. सवयीने अहवाल लावला आणि तारा सोडवायला बसलो. पहिली नऊची. मागून उपटली मात्र — पडद्यावर अक्षरं धावायला लागली! मी जमिनीवरच बसून राहिलो. तारेच्या मोकळ्या टोकातून विजेची खरखर आत शिरत होती. यंत्राला वाटायचं, अप्पा कळा दाबतायत. ते विचारायचं, नाव सांगा. धड नाव आलं नाही, की पुन्हा पहिल्यापासून. दर वेळी नवी सुरुवात, म्हणून यादीत शून्य. मार्चपासून, अखंड. आणि ती तार तिथे मी ठेवली.

त्याच दिवशी, अकरा वाजता
अहवाल पुन्हा लावला, आठही पडदे चालू ठेवून. सोळा मिनिटं. भंगारवाल्याची गाडी खाली लागली आहे.