ला पाझमधली वरची खोली

जाफराबाद, मंगळवार, सायंकाळ

वैष्णवी, माझी नात, शिक्षणासाठी दक्षिण अमेरिकेतील ला पाझ या डोंगरावरील शहरात गेली आहे. गेल्या आठवड्यात तिने मला विचारले होते, खोली कुठली घेऊ? भाडे सारखेच, वर चढावर स्वतंत्र खोली, किंवा खाली दोन मुलींबरोबर. मी ऐटीत सांगितले, "खालच्या वस्तीत आपल्या घरचं माणूस राहत न्हाई." आपल्या गावी मानाची घरे वरच्या अंगाला. मला तेवढेच ठाऊक.

आज तिचा फोन आला. बोलताना तीनदा दम लागून थांबली.

"आजोबा, इथं उलटं आहे. वर हवा विरळ, म्हणून पैसेवाले खाली राहतात. काल जिन्यात चक्कर येऊन पडले."

आणि मी काय म्हणालो? "मी कुठं वर राहा म्हणालो? तूच बराबर ऐकलं न्हाई."

ती पुन्हा थांबली. या वेळी दमाने नव्हे. "हो आजोबा, माझंच चुकलं. तुम्ही गोळी घेतली का?"

धापा टाकणाऱ्या पोरीशी मी खोटे बोललो.

उद्या मीच फोन करीन. 'मीच म्हणालो होतो', एवढेच सांगायचे आहे. आत्ता मोठ्याने म्हणून पाहिले. स्वयंपाकघरात सून होती, म्हणून मध्येच आवाज खाली घेतला.