बॉबिनच्या खणातल्या नऊ गोळ्या

ता. १४ नोव्हेंबर, दुपार

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. तू बहिणीकडे नीट पोचलीस, तिच्या बाळाची सर्दीही उतरली, हे कळलं. बरं वाटलं. इकडे माझे टाके निघाले. व्यायाम शिकवणारी पोरगी रोज येते, तोंडाची भारी तिखट. काल म्हणाली, "आजी, गुडघा नव्या नवरीसारखा लाजतोय, वाकवा की जरा!" मी म्हटलं, "अगं, नवरी लाजते, अशी किंचाळत नाही." तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

स्वयंपाक तुझा नवरा करतो. कधी करपतो, कधी कच्चा. मी नावं ठेवत नाही. कुठल्या तोंडाने ठेवू?

हे चौथं पत्र. आधीची तीन इथपर्यंत येऊन फाडली. आता लिहूनच टाकते.

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी तुझ्यादेखत बजावलं होतं, "सांधेसुजीची ही स्टेरॉइडची गोळी अकरा वर्षं चालू आहे, एक दिवसही चुकवू नका. शरीर आता त्या गोळीवर विसंबलंय. एकदम थांबवलीत तर ऑपरेशनचा ताण झेपणार नाही." तू ते कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलंस. रोज सकाळी कामावर निघताना तू माझ्या तळहातावर गोळी ठेवायचीस, पाण्याचा पेला द्यायचीस. मी घोट घ्यायचे. तू चपला घालायला वळायचीस.

गोळी माझ्या मुठीतच असायची.

त्याचं असं झालं. एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर एक बाई म्हणाली, याच गोळ्यांनी तिच्या जावेची जखम महिनाभर भरली नाही. माझ्या मनाने ते घेतलं. शाळेची पायरी मी चढले नाही. गणवेश शिवताना साचे कापायच्या रद्दीवरच अक्षरं शिकले, आणि तेव्हापासून आपल्याला चार गोष्टी जास्त कळतात ही मिजास. डॉक्टरांना विचारायचा संकोच, तुला सांगावं तर तू रागावशील. मग ऑपरेशनपर्यंत नऊ दिवस गोळ्या शिलाई मशीनच्या खणात, रिकाम्या बॉबिनांखाली टाकत गेले. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "गोळी रोज घेता ना?"

"घेते तर! सूनच हातावर ठेवते."

त्यात तुझं नावही ओढलं, बघ.

दुसऱ्या दिवशी ब्लड प्रेशर घसरलं, उलट्या झाल्या, डोळे उघडेनात. गोळ्या चुकल्या असाव्यात अशी डॉक्टरांना शंका आली, त्यांनी तेच औषध शिरेतून दिलं, तशी मी शुद्धीवर येत गेले. आधी कान जागे झाले. दारात तुझा नवरा तुझ्यावर ओरडत होता, "एवढं एकच काम होतं तुझ्याकडे!"

तू म्हणालीस, "अहो, रोज दिली मी." मग जरा थांबून, "बहुतेक दिली."

पोरी, तो शब्द माझ्या काळजात रुतलाय. स्वतःच्या हाताने केलेल्या कामाची तुलाच शंका यायला लागली, आणि मी डोळे मिटून पडून राहिले. औषधाची गुंगी होती, अशी मनाची समजूत घालते. पण गुंगी संध्याकाळी उतरली होती. नंतरचे चोवीस दिवस कसली होती? तू बॅग भरलीस तेव्हाही मी "जपून जा" एवढंच म्हणाले.

आज सकाळी मुलाला खण उघडायला लावला. त्याने गोळ्या टेबलावर मांडल्या, मोजल्या. मग म्हणाला, "आई, मी तिला काय काय बोललो गं." मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर हलकं वाटलं असतं.

दुसऱ्या गुडघ्याची तारीख ठरायची आहे, म्हणून डॉक्टरांनाही फोनवर सांगितलं. तेही चिडले नाहीत. म्हणाले, "भीती वाटली तर विचारायचं हो, आजी. जखमेची काळजी आम्ही घेऊ, पण गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही." इतक्या मायेने बोलले की मान वर होईना.

हे पत्र तुझा नवराच घेऊन येतोय. पाकीट चिकटवलेलं नाही, त्याने वाचलंय. त्याला काय बोलायचं ते मनसोक्त बोल. तू परत ये, असं मी लिहीत नाही. तसं म्हणायचा हक्क मी त्या खाटेवर गमावला.

नऊच्या नऊ दिवस तू गोळी दिलीस. एकदाही चुकली नाहीस. हे मी त्याच दिवशी, त्या दारात सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं.

तुझ्यापुढे मान खाली घालून,
सासू