पंचवीसच्या वेगाने विनाअपघात

देवास, २ मार्च २००८, रविवार
निर्णय झाला. या घरात मोटारसायकल येणार नाही.

पियूष अठरा वर्षांचा झाला, पण ही बातमी ए.बी. रोडवरच्या ट्रकवाल्यांना कोणी कळवलेली नाही. इंदूरच्या कॉलेजला जायला बस आहे. शेजारच्या गोपाळरावांचा मुलगा मनन मोटारसायकलवरून पडून दीड महिना हॉस्पिटलात पडलाय. काल बघून आलो, पायात सळई घातली आहे. घरी येऊन पियूषला मुद्देसूद समजावलं. तो म्हणाला, बाबा, तुम्हाला गाडी चालवता येत नाही म्हणून तुम्हाला डर लागतो.

डर? बावीस वर्षं कंपनीत सेफ्टी इनचार्ज आहे मी. लोक मला घाबरतात. आणि लायसन्सचं म्हणाल तर १९९१ साली काढायला गेलो होतो. आठचा आकडा काढायला लावला होता आणि मैदान लहान होतं.

५ मार्च, बुधवार
तोडगा मिळाला! बॅटरीची स्कूटर. सयाजी गेटजवळ नवीन दुकान निघालंय. लायसन्स नको, नंबर नको. वेग पंचवीस, त्याच्या वर जातच नाही. एका चार्जिंगमध्ये साठ किलोमीटर. दुकानदार म्हणाला, भिया (इकडचा भैया), सरकार ने ही छूट दी है. म्हणजे ही गाडी पडूच शकत नाही अशी सरकारचीच खात्री आहे. लगेच घेतली. पोपटी रंग एकच शिल्लक होता.

चारुलतेनं विचारलं, चालवणार कोण? बायकोनं विचारायचा हा प्रश्न आहे का?

पियूषशी करार केला. एक महिना मी ही चालवून दाखवणार. अपघात झाला नाही, तर मोटारसायकलचा विषय कायमचा बंद आणि पियूषनंही हीच चालवायची. झाला, तर मोटारसायकलच्या कागदांवर मी सही करणार. कार्टं इतक्या पटकन हो म्हणालं की मला जरा वाईट वाटलं.

नियम लिहून फ्रिजवर लावले. हेल्मेट सदैव डोक्यावर (दुकानदार म्हणतो लागत नाही, पण आपण आदर्श घालून द्यायचा आहे). वळताना हात. चालवताना मोबाइल बंद. पियूष म्हणाला, हिंदीत लिहा ना, जोडाक्षरं वाचता वाचता महिना संपेल. या पिढीचं काय करायचं!

८ मार्च, शनिवार
पहिली फेरी. घरापासून फाटकापर्यंत.

अपघात हा दोन वाहनांमध्ये होतो. फाटक हे वाहन नाही. तसं फ्रिजवरच्या कागदात लिहून टाकलं. पियूषनं वाकलेलं फाटक बघितलं आणि हसला. गुडघ्याला हळद लावली.

११ मार्च, मंगळवार, संध्याकाळ
आज कंपनीपर्यंत गेलो. मागून सारखे हॉर्न. लोक नवीन गाडीचं स्वागत करतात असं आधी वाटलं. मग एका टेम्पोवाल्यानं शेजारी येऊन जे स्वागत केलं ते इथे लिहीत नाही. रस्त्याच्या मधोमध चालवायचं हे माझं धोरण आहे, कारण कडेला खड्डे आहेत. यात माझं काय चुकलं?

भोपाळ चौराह्यावर हवालदारानं लायसन्स मागितलं. मी दुकानदाराचं पत्रक काढून पूर्ण वाचून दाखवलं. दुसऱ्या पानावर आलो तेव्हा मागे उज्जैनच्या बसपर्यंत रांग लागली होती. हवालदार हात जोडून म्हणाला, भिया, आप निकलो. कायद्याची माहिती असली की पोलीस असा नरम येतो.

१४ मार्च, शुक्रवार
रात्रभर लाईट नव्हती. सकाळीही नव्हती. तरी निघालो. येताना स्कूटर पाण्याच्या टाकीपाशी थांबली, तिथून घरापर्यंत ढकलत आणली. कॉलनीतल्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या.

ढकलत नेलं की वेग पूर्ण ताब्यात राहतो, ही त्यातली जमेची बाजू. चारुलता म्हणाली, मग बैलच का नाही घेतला? तिच्याशी यापुढे तांत्रिक चर्चा करणार नाही.

२६ मार्च, बुधवार, रंगपंचमी
रंगपंचमीला गाडी बाहेर काढू नये असा नियम करायला हवा होता. चौकातल्या पोरांनी थांबवलं, हेल्मेट काढायला लावलं, त्यात रंग ओतला आणि पुन्हा माझ्या डोक्यावर बसवलं. होली है भियाऽऽ म्हणाले. घरी धुतलं तर आतला फोम सुटून हातात आला.

हेल्मेट कपाटावर ठेवलं आहे. नवीन आणेपर्यंत टोपी. कायद्यानं ते लागत नाहीच, मीच उगाच जास्तीची काळजी घेत होतो.

३० मार्च, रविवार
फार मनस्ताप झाला.

या गाडीला आवाज नाही. हा मी आतापर्यंत गुण समजत होतो. चारुलता फाटकाबाहेर भाजीच्या गाडीपाशी पाठमोरी उभी होती. मला वाटलं सरकेल. तिला वाटलं मागे कोणी नाही. हॉर्न वाजवायला गेलो आणि हाताखाली इंडिकेटर आला.

मनगटाला प्लास्टर. तीन आठवडे. टोमॅटोवाला वेगळाच ओरडत होता.

पियूष डॉक्टरकडून आल्यावर म्हणाला, आता तरी अपघात म्हणाल ना? मी शांतपणे सांगितलं की धडक बसली ती बायकोला, स्वतःच्या दारात, त्यामुळे ही घरगुती बाब आहे. चारुलतेनं डाव्या हातानं ताट आपटलं.

माईकडे निकाल मागितला. आमची आई, धारच्या जुन्या सरदार घराण्यातली, बोलणं अजून दरबारातलं. म्हणाली, शरद, सुनेस वाहनाखाली घातलेस आणि वर बाबी मोजतोस? मुलाचे कागद आण आणि सही कर.

आपल्या आईनंही आपल्याला समजून घेऊ नये!

२ एप्रिल, बुधवार
सही केली. पेन दोनदा अडलं, ते शाईमुळे.

पियूषचं लायसन्स निघालेलंच आहे. पहिल्या फटक्यात. त्याच्या वेळी मैदान मोठं असणार. त्यानं गाडीच्या आधी हेल्मेट आणलं, काळं, भारी. दिखाऊ आहे. पट्टा मात्र मजबूत वाटला, ओढून बघितला.

मननकडे पुन्हा गेलो होतो. कुबड्या घेऊन चार पावलं चालला. गोपाळराव त्याच्यापेक्षा जास्त घामाघूम झाले होते.

९ एप्रिल, बुधवार, दुपार
पाडव्याला गाडी आली, पूजा झाली. आज पियूष पहिल्यांदा ती घेऊन इंदूरला निघाला.

मी रजा टाकली होती. त्याच्यामागे थोडं अंतर राखून निरीक्षण करायचं ठरवलं होतं. तो पहिल्याच वळणावर दिसेनासा झाला. तरी गेलो. मुलगा हायवेवर एकटा आहे म्हटल्यावर पंचवीसचा वेग किती कमी असतो ते आज कळलं. शिप्रा गाव आलं आणि स्कूटर बंद पडली. पंधरा किलोमीटरमध्येच! रात्री पुन्हा लाईट गेली होती, हे मान्य, पण साठ म्हणजे साठ ना?

ढाब्यापाशी कडेला उभा राहिलो. ट्रक जवळून गेला की स्कूटर हलायची. येणारी प्रत्येक मोटारसायकल बघत होतो. मला भीती वाटत होती. लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय. मार्चपासून वाटत होती, आणि माझ्यासाठी नव्हती.

शेवटी चारुलतेला फोन केला, तिनं पियूषला. तो पहिला तास संपवून परत आला. मला वाटलं, चिडेल. त्यानं माझ्या डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात दिली, स्वतःचं हेल्मेट मला घातलं आणि हनुवटीखालचा पट्टा स्वतः लावला. मी म्हणालो, अरे, तुझं काय? तो म्हणाला, बाबा, बसा आता.

स्कूटर ढाब्यावर ठेवली. ढाबेवाला म्हणाला, लाईट आयेगी तो चार्ज लगा देंगे, भिया.

वाटेत पियूष एकदाही चाळिसाच्या वर गेला नाही. मी मागून काटा बघत होतो. देवासच्या अलीकडे पोलिसांनी अडवलं. लायसन्स, विमा, सगळे कागद चोख. पण चालवणारा बोडका. हवालदार म्हणाला, बाप को पहना दिया, खुद नंगे सिर? पियूषच्या नावानं पावती फाटली. मी पुढे होऊन सांगितलं की मी सेफ्टी इनचार्ज आहे. तो म्हणाला, साब, वो लिखने की इसमें जगह नहीं है.

पियूष मला फाटकात उतरवून लगेच परत गेला, प्रॅक्टिकल होतं. जाताना म्हणाला, पोचल्यावर फोन करतो, पण तुम्ही घराबाहेर पडू नका. नाही पडलो. फोनपाशी बसून राहिलो. वेगमर्यादेबद्दल त्याला दोन शब्द सांगायचे म्हणून मुद्दे काढून ठेवले.

आत्ता फोन आला. पोचला. आवाज बरा होता. म्हणाला, बाबा, हेल्मेट तुमच्याजवळच राहिलं, मी येताना हळू येईन.

ते माझ्यासमोर टेबलावर आहे. घरात आलो तसं मीच काढून ठेवलं होतं, आणि तासभर त्याच्याकडे बघत बसलो होतो. पोरगा परत सगळा रस्ता बोडक्या डोक्यानं गेला.

पाचला त्याचं कॉलेज सुटतं. इंदूरची बस पकडतो. हेल्मेट पिशवीत मावत नाही.