बाबांच्या पिकअपचे नवे आरसे

दादा,

बाबांच्या जुन्या पिकअपला दोन्ही नवे आरसे बसवलेत. बाळ झोपलं तेवढ्यात उरकलं. डावा जरा हलतो, तेवढा आवळ.

उजवा जुळवताना बाबांना स्टिअरिंगवर बसवलं होतं. "मागचं फाटक दिसतंय का?" विचारलं, तर म्हणाले, "अगदी लख्ख! तुझ्या भावाला हे जमलं नसतं." तेव्हा चौकट रिकामीच होती रे, काच माझ्या हातात होती.

मग मी काच बसवली, पुसली. बाळाला डोस द्यायला रिक्षाने दवाखान्यात चाललेय, पिकअपची किल्ली सोबत नेतेय. त्यांना तूच सांग, माझ्याच्याने होणार नाही. उद्या आम्हा दोघांना स्वतः सासरी सोडायचं म्हणतायत. बाळासाठी सीटवर उशीसुद्धा ठेवून आलेत.