दोन ओंजळी वाळू

वरोरा,
२ जानेवारी

प्रिय आकिब,

माझं अक्षर पाहून घाबरू नको, घरी सारे जिवंत आहेत. फोनवर तू मले हं दादी, हं दादी करतो अन् दोन मिनिटांत तुले तुझ्या चाकणच्या गोदामात कोणीतरी हाक मारते. रोज मारते, अन् मी फोन केला की बरोबर तेव्हाच मारते. म्हणून कागद घेतला. कागद कट करता येत नाई. तिसरीपर्यंत मराठी शाळेत गेली होती, तेवढ्या भांडवलावर लिहून राह्यली, चुका काढत बसू नको. अंजुम म्हणे, दादी तू बोल, मी मोबाईलवर लिहून देते. मी नाई म्हटलं. तुझी बहीण माझ्या बोलण्यात साखर घालते, अन् या पत्रात साखर नको.

बातमी अशी की आपल्या गाड्या दुरुस्तीच्या दुकानात एक गाडी आली आहे. तू सातवीत असताना पेपरातलं लाल गाडीचं चित्र कापून हत्यारांच्या कपाटावर डकवलं होतं, आठवते? अजून आहे ते, कोपरे गेले. तीच जात. दोनच माणसं बसतात, अन् बुटकी इतकी की बसावं लागत नाई, पडावं लागते. तुझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे. मालक गोंडपिपरीचे गुणवंतराव, धानाच्या गिरणीवाले. गाडी त्यांच्या मुंबईच्या भावाची. भाऊ वारला अन् गाडी यांच्या अंगणात आली. गुणवंतरावांचं पोट स्टिअरिंगले टेकते, पण हौस पोटाहून मोठी. येत्या संक्रांतीले बायकोले, आशाबाईंले, त्या गाडीत बसवून आलापल्लीले माहेरी नेईन म्हणतात. आशाबाई सोबत आल्या होत्या. म्हणाल्या, नेतील तेव्हा नेतील, मी एसटीचा टाइम विचारून ठेवला आहे. बाई मले आवडली.

आता दुखणं ऐक. या गाडीचं इंजिन सीटच्या मागं अन् रेडिएटर पार पुढं नाकात. मधात पोटाखालून दोन लांब लोखंडी पाईप. एकातून तापलेलं पाणी पुढं जाते, दुसऱ्यातून थंड होऊन मागं येते. कूलंट टाकाचं तिथी कोण्या शहाण्यानं वर्षानुवर्षं बोरचं पाणी टाकलं. आतून गंजले, अन् बाहेरून जिथी रबराच्या पट्ट्यांनी धरून ठेवले होते तिथी चिखल बसून गंजले. गुणवंतराव नागपूरले दाखवाले निघाले, तर भद्रावतीच्या पुढं गरमीचा काटा लाल अन् मागून वाफ. ट्रकवर टाकून आपल्या दारात आणली. अंजुमनं पाईपाले पेचकस टेकवला, दाबला पण नाई, तर आरपार.

तसे पाईप आता कोणी बनवत नाई म्हणे. नागपूरच्या एका वर्कशॉपवाल्यानं फोनवरच सांगितलं, काकाजी, भंगारात काढा. पाईप वाकवणाऱ्या मशीनवाल्यानं नकाशा मागितला. एका पाईपाले सात वाक, साती वेगळ्या तोंडाचे, त्याचा नकाशा कोण काढून देते? गुणवंतराव आपल्या बाकावर घाम पुसत बसले अन् म्हणाले, बाई, नाईच होत का मंग? मी म्हटलं, होते. खरं सांगू, तोवर मी काई ठरवलं नव्हतं. पण भंगार हा शब्द मले सोसत नाई. वयाचे एकाहत्तर सरून राह्यले. तुझा बाप मिलमधून आला की रोज म्हणते, अम्मी, आता बस कर, दुकान भाड्यानं देऊ. मी त्याले म्हणते, तू तुझा कापूस पाह्य.

गाडी सागवानी ठोकळ्यांवर चढवली. अंजुम खाली शिरली, मी बाजूले पोत्यावर आडवी झाली. जुन्या पाईपाच्या अंगाअंगानं लोखंडी तार वाकवत नेली, तोच आमचा नकाशा. चार दिवस लागले. मधातच पोरगी खालून ओरडली, दादी, तू घोरून राह्यली का? मी म्हटलं, विचार करून राह्यली. पाईप स्टेनलेस स्टीलचे आणवले, जुन्याच जाडीचे. वाकवाचे कसे ते तुले शिकवाची गरज नाई, पण तू सात वर्षांत खोक्यांवर चिकटपट्ट्या मारून विसरला असशील. पोकळ पाईप तसाच वाकवला तर वाकाच्या जागी चपटते. म्हणून आत वाळू ठासून भराची, दोन्हीकडून सागवानी बूच ठोकाचे, अन् ज्योत फिरवत सावकाश ओढाचं. वाळू मात्र हाडासारखी कोरडी पाहिजे. ओल राह्यली तर तापल्यावर तिची वाफ होते अन् बूच बंदुकीच्या गोळीसारखं सुटते.

हे तुले माहीत आहे. त्या भादव्यात कोळशाच्या डंपरचा पाईप वाकवताना जे झालं, ते माझ्याहून तुले जास्त माहीत आहे. बूच सुटलं, तापलेली वाळू तुझ्या दादांच्या, माझ्या नवऱ्याच्या, डाव्या डोळ्यात गेली. सारा रोड त्याले मिस्त्री म्हणे, मीही चाळीस वर्षं मिस्त्रीच म्हटलं, म्हणून इथीही तेच लिहिते. मिस्त्री तुले ओरडला नाई. डोळ्यावर फडकं धरून एवढंच म्हणाला, भरणाऱ्यानं पाहून भराचं असते. तू एकोणीस वर्षांचा होता. पाईप तू भरला होता. पंधरा दिवसांत तुझी पिशवी भरलेली दिसली. मंग मिस्त्रीच्या मय्यतीले आला, माती दिली, अन् घरचं पाणी न पिता संध्याकाळच्या गाडीनं गेला. लोकं म्हणाले, पोट्टा कठोर आहे. मी ऐकून घेतलं.

मागच्या सोमवारी पहिला पाईप भरला. अंजुम वाळू भाजून राह्यली होती, भाजली की वर थंड परात उपडी ठेवाची, परातीले दव धरलं तर पुन्हा भाजाची. तिनं तीनदा ठेवली. दुसऱ्या वेळेलेच परात कोरडी निघाली होती, तरी तिनं तिसऱ्यांदा ठेवली. गुणवंतराव पाहत होते. म्हणाले, पोरी, इतकं काऊन? तर अंजुम हसत म्हणाली, माझ्या भावानं एकदा न पाहता भरली अन् दादांचा डोळा गेला, तेव्हापासून आम्ही तीनदा पाहतो. सहज म्हणाली, जसं कोणी गाडीचा नंबर सांगते. चौदा वर्षांची होती ती तेव्हा. जे घरात ऐकलं तेच ती मोठी होऊन सांगते. उद्या तिची लेकरं सांगतील.

मी बर्नर बंद केला. काय बोलली ते खाली लिहिते. आधी पाईपाचं संपवू दे, काम अर्धं सोडून रडगाणं मले जमत नाई. त्या दिवशी पाईप झाला. ज्योत मी धरली, ओढला अंजुमनं, दात-ओठ खाऊन, साती वाक तारेवर बसले. टोकाले कडा उठवली म्हणजे वरून चढवलेला रबरी होजपाईप निसटत नाई. मंग एक तोंड बंद करून आत हवा मारली अन् हौदात बुडवला. एक बुडबुडा नाई. गुणवंतरावांनी टाळी वाजवली, लग्नात वाजवतात तशी. अंजुमनं वाजवली नाई. दोन दिवस ती चहा आणून ठेवे अन् निघून जाय. तिसऱ्या दिवशी दुसरा पाईप काढला, तर ती मोज्यांसारखे हातमोजे गुंडाळून बाकावर ठेवून म्हणाली, दादी, हा मी भरणार नाई, अन् तुलेही भरू देणार नाई. मले सांगून काय उपयोग? ज्याले सांगाचं त्याले सांग.

तर आकिब, सांगते. त्या दिवशी वाळू भाजाचं काम माझं होतं. डबा थोडा कमी भरला. पाहुणे यायचे होते, मले घाई होती. मी भिंतीजवळच्या ढिगावरून, ताडपत्री उचलून, दोन ओंजळी वाळू घेतली अन् डब्यात वरून टाकली. कोरडी दिसली. परात ठेवली नाई. झाकण लावून डबा मीच तुझ्या हातात दिला अन् भर म्हटलं. तू माझ्यावर भरोसा ठेवून भरली. बूच सुटलं तेव्हा रिकामा डबा माझ्याच हातात होता, अन् मी तोंड उघडलं नाई. काऊन? बाईमाणूस दुकानात ज्योत धरते म्हणून त्या रोडवर आधीच हसत होते. मिस्त्रीच्या डोळ्याचं कारण मी निघाली असती तर मले चुलीपुढं बसवलं असतं. दुकान वाचवाले मी तुले जाऊ दिलं, असं सरळ लिहिते. मिस्त्रीलेही शेवटपर्यंत सांगितलं नाई, त्याचं माझं वर गेल्यावर पाहून घेऊ. गुणवंतरावांसमोर सांगितलं, अंजुमले सांगितलं, तुझ्या बापाले काल सांगितलं, अन् शुक्रवारी बाजारात जो विचारेल त्यालेही सांगणार आहे. माफ कर असं मी लिहीत नाई. ते तुझं तू ठरव, मले घाई नाई. घाई पाईपाची आहे. दुसरा पाईप सरळच भिंतीले टेकवून ठेवला आहे. दहा तारखेपर्यंत वाट पाहते. तू नाई आला तर अंजुमचं न ऐकता मी एकटी भरीन, एकटी ओढीन, अन् संक्रांतीले आशाबाई आलापल्लीले त्याच गाडीतून जातील, हे पक्कं समज. आला तर वाळू भाजून झाकून ठेवलेली सापडेल. पण मी कोरडी म्हटलं म्हणून भरू नको. परात तू स्वतः ठेव, तू स्वतः पाह्य, मंग भर.

तुझीच, अन् सात वर्षं उशिरा बोललेली,
दादी सुरय्या